वास कुठं गेला

पहिल्याच दिवशी शिंत्रे मॅडमनी विचारलं,
"हे झाड ओळखता, जानकर?"
पिशवीत नाक न घालताच मी म्हणालो, नरक्या.
त्या वहीत काहीतरी लॅटिन लिहीत होत्या,
थांबल्या.
भर मांडवात कुणी शिवी द्यावी
तसं ते नाव टेबलावर पडलं.

तीन वर्षं झाली त्याला.
विद्यापीठात मी चंचुपात्रं धुतो, नळ्या वाळत घालतो,
सॉक्सलेटखालची शेगडी बघतो.
आत भुसा, भुशातनं मिथेनॉल
दिवसभर चढतंय, उतरतंय, पुन्हा चढतंय,
आमच्या मानबेटच्या एसटीसारखं.
फक्त हे रिकामं परतत नाही,
दर फेरीला काहीतरी घेऊनच उतरतं.

मॅडमना एक सांगितलेलं नाही.
त्यांनी विचारलं नाही, हेही खरं.
चौदाव्या वर्षी ह्याच झाडावर मी कुऱ्हाड चालवलीय.
रातचा टेम्पो यायचा, दिवे विझवून.
सात रुपये किलो, वाळलेलं असलं तर नऊ,
मुळासकट आणलं तर वर चहा.
"परदेशात जातंय, कॅन्सरला लागतंय," व्यापारी सांगायचा.
कॅन्सर म्हणजे आम्हाला
रेडिओवर ऐकलेला शब्द.
बायाक्का कोयत्यानं ढलप्या काढायची,
मी पोती शिवायचो.
आठवडाभर हाताला तो वास,
भाकरीला तो वास,
मेंढरंसुद्धा जवळ येईनात.
धुळामामा म्हणायचा, माणसानं हात लावू नये
म्हणून देवानं ह्याला नासवून ठेवलंय.
आम्ही लावला.
दोन पावसाळ्यांत ओढ्याच्या अंगाला
औषधालासुद्धा नरक्या उरला नाही.

किलोभर भुशामागं दोन ग्रॅम, फार तर.
त्यातला सुईच्या टोकाएवढा ठिपका
मॅडम काचपट्टीवर टेकवतात,
खिडकी झाकतात,
जांभळा दिवा लावतात,
आणि काळोखात तो
निळा पेटतो.
गॅसच्या ज्योतीसारखा नाही, मोरपिसासारखा नाही,
कशासारखा, ते मला अजून सापडलेलं नाही.
मी दाराशी उभा असतो, हातात फडकं.
हे एवढं निळं
आम्ही गोणपाटात भरत होतो.

परवा बायाक्काचं चौथं सलाईन.
आतड्याचं आहे तिचं.
उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळी पिशवी;
नर्सनं बदलताना नाव दिसलं,
शेवटची अक्षरं मी ओळखली:
वहीतल्या नावाच्या भावकीतलंच हे.

"आक्का," म्हटलं, "ह्यात आपला नरक्या हाय."
ती बघत राहिली. केस गेलेत, भुवया गेल्यात,
डोळे तेवढे मानबेटचेच.
नळी हळूच नाकाशी नेली तिनं.
"लबाडा," म्हणाली, "मग वास कुठं गेला?"

काय सांगणार?
भुशात राहिला, आक्का,
सिंकमधनं वाहून गेला,
थोडा माझ्या ब्रशला आहे.
मॅडम म्हणतात, झाड कुणासाठी औषध करत नसतं,
किडीनं खाऊ नये म्हणून कडू होतं, एवढंच.
औषध हे आपण ठेवलेलं नाव.
नरक हेही आपणच ठेवलेलं.

ती हसली आणि हसता हसता उमळलं तिला.
मी भांडं धरलं.
डॉक्टर म्हणतात, बघू.
तोंड पुसून घेत तिनं निघताना सांगितलं,
"उद्या येताना एक पान घेऊन ये.
चुरगाळून आण. मी खात्री करते."

विभागाच्या मागं काळ्या पिशव्यांत
मॅडमनी सहा रोपं लावलीत, राधानगरीला न्यायला.
मोजून पाच-पाच पानं एकेकाला.
आज सकाळी एक कमी केलं,
मुठीत चुरगाळलं,
सदऱ्याच्या खिशात घातलं.

केएमटीत शेजारची बाई
पदर नाकाला लावून उठली,
पुढं जाऊन उभी राहिली.