सदतिसावा फोटो

रान्वाचा फोन आला तेव्हा मी होडीला डांबर लावत होतो.
म्हणाली, तुझी वेबसाइट ऐकली.
ऐकली?
हो, माझा कॉम्प्युटर वाचून दाखवतो.
चित्र. चित्र. आयएमजी शून्य चार एक दोन. चित्र.
दोनशे अकरा वेळा.
आपल्या बंदराचा धुक्यातला भोंगासुद्धा याहून बरं बोलतो.

ती क्लाक्सविकच्या बायकांच्या संघात
तिसऱ्या बाकावर वल्हं मारते,
उरलेल्या वेळी गावोगावचे पियानो जुळवते.
जन्मापासून दिसत नाही, हे तिने असं सांगितलं
जसं कुणी सांगावं, माझं घर चर्चच्या मागे आहे.

त्या रात्री लिहायला बसलो. पहिल्या फोटोच्या आड,
तिच्या कॉम्प्युटरला सापडेल अशा जागी, लिहिलं:
सुंदर होडी, सुंदर संध्याकाळ.
सकाळी तिचा निरोप:
सुंदर म्हणजे किती मीटर?

मग मोजपट्टी घेतली.
फळ्या किती, खिळे तांब्याचे की लोखंडी,
नाळ कुठून वळते आणि का.
वीस वर्षं होड्या बांधतोय,
फोटोंमागे लपून एक धड वाक्य बोललो नव्हतो.

जुन्या छपराची एक फळी काढावी आणि दहा निघाव्यात, तसं झालं.
फिकट करड्या अक्षरांची मला भारी हौस.
शेजारच्या यास्पुरने डोळे बारीक करून विचारलं,
शाई संपल्यावर लिहिलंस का हे?
अक्षरं काळी केली.
यास्पुरचा हात थरथरतो, आणि माझं चौकशीचं बटण मसुराएवढं.
तेही वाढवलं.
माझा भाऊ हायनी तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनापाशी होता,
कान तिथेच ठेवून आला.
होडी पाण्यात उतरतानाच्या व्हिडिओवर त्याच्यासाठी लिहिलं:
दोर करकरतो. कुणीतरी हसतं.
म्हणाला, कोण हसतंय?
पुन्हा ऐकलं.
आई होती.

मे महिन्यात रान्वा स्वतः शेडमध्ये आली.
सदतिसाव्या फोटोतली होडी कुठली?
तिची बोटं नाळेपासून निघाली, फळीवरून फळीवर,
कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणं नाही.
उजव्या कुशीला, पाण्याच्या रेषेखाली, थांबली.
नखाने टकटक केलं.
इथे आवाज वेगळा आहे.
तू लिहिलं होतंस: अखंड फळ्या, निर्दोष काम.

ठिगळ होतं. चाळीस सेंटिमीटरचं.
फळी मी चुकीची कापली होती
आणि फोटो डाव्या बाजूने काढला होता.
ती पुढे काही बोलली नाही.
हात पुसले, कॉफी मागितली,
दुधाशिवाय.

ती गेल्यावर वर्णन खोडलं. नवं लिहिलं:
उजवीकडे, पाण्याच्या रेषेखाली, चाळीस सेंटिमीटरचं ठिगळ.
चूक माझी. फोटोत दिसत नाही.

सेव्ह केलं, आणि मग लक्षात आलं,
हे त्यांनाच कळणार ज्यांना फोटो दिसत नाही.
डोळस गिऱ्हाईक डाव्या बाजूनेच बघत राहणार
आणि मान डोलावत राहणार.

बराच वेळ बसून राहिलो.
अकरा वाजले तरी खिडकीत उजेड,
फ्योर्डवर कुणाची तरी मोटारबोट.
मग तीच ओळ फोटोच्या आडून ओढून
त्याच्या खाली आणून ठेवली,
काळ्या अक्षरांत,
यास्पुरला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.