कथील

फॉर्मवर तीनच रकाने होते:
नाव, देश, पायाचं माप.
माप हवं बर्फावर घसरायच्या बुटांसाठी.
देशाच्या रकान्यात सेमहार दोन नावं लिहिते, एक खोडते.
झोर्याना नुसती रेघ मारते.
आणि नोदार तिन्ही रकान्यांत चव्वेचाळीस लिहितो,
कारण मागच्या गुरुवारी त्याला बूट घट्ट झाले होते.

तार्तूत डिसेंबर. तीन वाजता दुपार संपते,
मंद आचेवर ठेवून विसरलेलं दूध आटावं तशी.
आम्हा परदेशी लोकांसाठी नगरपालिकेनं
हिवाळाभर काही ना काही लावून दिलंय:
मोजे विणा, समूहात गा,
रक्ताचं सॉसेज चाखून बघा
(बघितलं. चाखलं नाही).

आज वाचनालयाच्या तळघरात
वाइकेबाई कथील वितळवणार.
वय शहात्तर, स्वेटरवर दोन हरणं,
एकाचं शिंग उसवलेलं.
पूर्वी शिसं ओतायचो, त्या सांगतात,
मग कळलं,
नशीब बघता बघता आम्ही विष हुंगत होतो.

पळीत कथील कडेनं चमकतं,
मग एकदम अंग चोरून गोळा होतं,
आणि माझ्या नाकात कुठूनसा नवसागर:
पितळी पातेलं, कापसाचा बोळा,
कल्हईवाल्याचा काळा अंगठा.
कथील भांड्याला आतून चढतं, एवढं ठाऊक होतं मला.
त्यात पुढचं वर्ष असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

बादलीत ओतायचं. चर्र.
गार पाण्यात कथील दचकतं
आणि दचकलेलंच राहतं.
मग तो तुकडा मेणबत्तीपुढे धरायचा
आणि भिंतीवरची सावली वाचायची.

सेमहारची सावली: होडी.
ती म्हणाली, होडी नको.
बाईंनी काही न बोलता तुकडा उलटा धरला.
टोपी झाली.
"टोपी चालेल," सेमहार म्हणाली, "टोपी हवीच आहे."

नोदारचं ढेकूळ खडबडीत, म्हणजे पैसा.
त्यानं लगेच माझ्याकडे वीस युरो उसने मागितले.

माझा तुकडा कशासारखाच नव्हता.
ठेव, बाई म्हणाल्या, कधीतरी कळतं.

झोर्यानाचा फोन टेबलावर पालथा.
तिनं पळी धरली, कथील वितळेपर्यंत पाहिलं,
आणि ओतलं नाही.
पळीतच पुन्हा गोठू दिलं.
कुणी काही विचारलं नाही.
बाईंनी फक्त गॅस बंद केला.

मग चहा, मसाल्याची पातळ बिस्किटं.
आमच्या भाषेत चौदा विभक्ती, बाई म्हणाल्या
(मी आठांवर वाढलेली, गप्प बसले),
पण भविष्यकाळ नाही.
उद्या बर्फ पडतो, एवढंच म्हणतो आम्ही.
पडला तर पडतो.
"मग हे कशाला?" नोदारनं बादलीकडे बोट केलं.
बाई बराच वेळ बिस्किटाचा कोपरा कुरतडत राहिल्या.
"व्याकरणात सापडत नाही,
म्हणून बादलीत बघतो."

साडेसातला खुर्च्या रचल्या,
बादलीतलं पाणी मोरीत ओतलं,
तळाशी चार चंदेरी कण राहिले, ते कुणाचे कोण जाणे.
दारात हातमोजे चढवताना
सवयीनं तोंडून निघालं, त्यांच्या भाषेत,
शब्दाला शब्द लावून:
मा तुलेन. येते.

बाई चक्रावल्या. दार उघडं, थंडी आत.
"येतेस? तू तर निघालीस."
आमच्यात निघताना असंच म्हणतात, म्हटलं,
जाते म्हणणं बरं दिसत नाही.

त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं.
दार लावून घेतलं.
मी सात पायऱ्या चढून वर आले,
तोवर ते पुन्हा किलकिलं झालं,
फटीतून हरणाचं ते उसवलेलं शिंग:

"किती वाजता?"