पोटमाळ्याला खिडक्या

खालचे माग भंगारात गेले त्याला तीन वर्षं झाली.
मोटर वेगळी, लोखंड वेगळं, किलोच्या भावानं.
वर पोटमाळा राहिला :
बाचकी, रिकाम्या कांड्या, पाती नसलेला पंखा,
आणि चाळीस वर्षांचा अंधार,
तो कुणी काट्यावर घेतला नाही.

मला तिथं चार शिलाई मशिनी मांडायच्यात.
गाऊनची ऑर्डर आहे. अंजम्मा आहे, रेणुका आहे,
विडीचा कारखाना सोडून आलेली नरसव्वा आहे.
सुईत दोरा ओवायला उजेड नाही.

नायना म्हणाले, भोक पाडू नको.
वारं आलं की सूत तुटतं.

सूत कुठाय, नायना?

ते हाताकडे बघत राहिले.
एप्रिलमध्ये हवा पापडासारखी कडक व्हायची,
तेव्हा ते जमिनीवर बादल्या ओतायचे,
झरोक्यांत ओली पोती कोंबायचे.
आम्ही पोरं घामाघूम, ताणा गारव्यात.
आमच्या घरात सगळ्यात जपलेली वस्तू
सोनं नव्हती,
ओल होती.

हुसेनप्पा गवंडी आला. कानावर पेन्सिल.
भिंतीवर बोटानं टकटक केली, कान लावला,
डॉक्टर पाठीवर ऐकतो तसा.
"पूर्वेला एक काढू. उत्तरेला एक.
पश्चिमेला नको ओ ताई. सोलापूरचं ऊन हाय,
बोलावलं की मुक्कामालाच येतंय."

उत्तरेला गुंडेटींची गच्ची.
विचारायला गेले तर सुशीलाबाई शेंगा निवडत होत्या.
"आमचं वाळवण दिसणार तुला. धुणं दिसणार.
भांडणं दिसणार."
चार शेंगा फोडून झाल्यावर म्हणाल्या,
"पण तूही दिसशील की. काढ जा."

घरात आम्ही तेलुगूच बोलतो.
नायना खिडकीला किटिकी म्हणतात.
कडी काढल्याचा आवाज
त्या शब्दातच आहे,
एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"खालून किती सोडू?" हुसेनप्पानं टेप धरला.
"सगळे तीन फूट सोडतेत."
मी म्हटलं, थांबा.
नायनांना धरून वर आणलं. अकरा पायऱ्या,
तीनदा दम खाऊन.
जन्मभर मागापुढं उभे राहिले,
आता गुडघे फक्त बसायला राजी.
फरशीवर बसवलं, भिंतीकडं तोंड करून.
यांच्या डोळ्यांना टेप लावा.
तीस इंच.
त्याच्याखाली वीतभर सोडून रेघ मारा.
हुसेनप्पा म्हणाला, "लेकरं पडतील."
गज लावू म्हटलं. दोन हजार वाढतील, वाढू देत.

ग्राइंडर सुरू झाला. आम्ही कानांवर हात ठेवले.
नायना हलले नाहीत.
त्यांचे कान मागांनी कधीच खाल्लेत.
विटेचा लाल धुरळा नुसता बघत होते,
दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसं.

मग एक वीट बाहेर पडली.
मग आणखी तीन.
उन्हाची पट्टी तिरपी आत आली
आणि तुळयांवरून, पत्र्याच्या वळचणीतून
कापसाची धूळ उठली.
मला वाटायचं ती पांढरी असेल.
लाल होती. हिरवी. मोरपंखी.
थरावर थर, जशी चादरींची कामं आली तशी.

नायनांनी हात लांब केला.
तुळईच्या बुडाशी साचलेलं थोडं चिमटीत घेतलं.
"हे हिरवं सत्त्याण्णवचं.
त्या व्यापाऱ्यानं पैसे बुडवले."
मग अंगठा आणि बोट
आपोआप एकमेकांवर फिरायला लागले.
पीळ बसला. इंचभर, दोन इंच,
खरंखुरं सूत झालं.

गुंडेटींच्या गच्चीवरून वाऱ्याची झुळूक आली.
तुटलं.

"सांगितलं होतं," नायना म्हणाले,
आणि बसल्या बसल्या सरकून
त्या भोकाच्या आणखी जवळ गेले.