नांगराखालची पाटी

नगरपालिकेनं अक्षरामागं तीन रुपये मंजूर केले,
जोडाक्षराला जादा नाही.
मी म्हटलं, साहेब, 'फ्रिगेट' लिहायला ब्रश दोनदा उचलावा लागतो.
ते म्हणाले, अकीलभाई, देशाचं काम आहे.

आजवर खताच्या दुकानांच्या पाट्या लिहिल्या,
ट्रॅक्टरांवर मालकांच्या मुलींची नावं,
निवडणुकीत एकाच भिंतीवर तीन पक्ष.
जहाज पहिल्यांदाच.

नांगर ट्रेलरवरून आला, कसारा चढून, मालेगाव, चाळीसगाव करत.
भडगावच्या पुलाजवळ क्रेननं उतरवला.
गर्दीतून बुधा धनगरनं विचारलं,
"ह्या नांगरले कितला बैल लागतस भो?"
कुणी हसलं नाही. प्रश्न बरोबर होता.
चौथऱ्यावर तो आडवा पडला तेव्हा मलाही वाटलं,
कुणीतरी औत सोडून
भाकर खायला गेलंय.

मजकूर टाइप होऊन आला होता, खाली शिक्का.
आयएनएस गिरणा, आपल्या नदीच्या नावाची युद्धनौका.
नौदलात दाखल १९८६. सेवामुक्त २०२१.
कापलेलं अंतर सहा लाख सागरी मैल.
पुढं बाकीचं.

माझ्यामागं लोटनआबा स्टूल टाकून बसले.
पंधरा वर्षं याच जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी.
आता विहिरींच्या पंपांच्या मोटारी भरून देतात.
मी एक ओळ लिहायचो,
ते तिच्याखालची सांगायचे.

सहा लाख मैल? त्यातला समुद्र मी किती पाहिला?
बॉयलर रूमला खिडकी नसते, अकील.
लाट आली की आधी चहाला कळायचं.

'युद्धात सापडलेल्या बंदरातून चारशे अकरा नागरिक परत आणले.'
चारशे बारा. एक बाई वाटेत बाळंत झाली.
कारकुनानं चढताना मोजले, मी उतरताना.

'चक्रीवादळात मदतकार्य.'
पाणी वाटलं, दुसरं काय.
समुद्राचं गोडं करायचो, रोज वीस टन.
आणि घरून पत्र यायचं, नळ आठव्या दिवशी येतो,
तुमच्या गिरणेत वाळूचे ट्रॅक्टर फिरतात.

'१९९४. मोठी दुरुस्ती, नऊ महिने.'
इथं आबांनी बिडी स्टुलाच्या पायावर विझवली.
मी 'दुरुस्ती'चा रफार कुठं देत होतो कोण जाणे,
'दुरुस्ती'ला रफार नसतोच.
पुसलं, परत लिहिलं.

वाफेची नळी फुटली होती.
चौघं शिडीनं वर आलो.
झडप बंद करायला जो थांबला तो जोबी.
कोल्लमचा. एकवीस वर्षांचा.
मला चेट्टा म्हणायचा. पहिले सहा महिने
मला ती शिवी वाटायची.

आबा, मला मजकूर बदलता येत नाही.
"मी कुठं म्हटलं बदल?"

दुपारी ते जेवायला गेले.
पाटीची मागची बाजू, नांगराकडची,
तिथं नुसता रेड ऑक्साइड मारून सोडायचा असतो.
दोन अक्षरं. एक काना-मात्रा, एक दीर्घ वेलांटी.
हात धुतले. बिलात लावली नाहीत.
तसं बिलही अजून निघालेलं नाही.

संध्याकाळी धरणाचं आवर्तन सुटलं.
पुलाखाली आधी फेस आला, मग चपला, बाटल्या,
त्यांच्यामागून पाणी.
आबा कठड्यावर वाकले, डोळे बारीक करून म्हणाले,
"दीड फूट."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

परत वळलो तर बुधानं नांगराला शेळी बांधलेली.
ती पाल्याकडे ओढत होती, दोर ताणला होता,
चारी खूर मातीत.
पाटीचा रंग ओला होता, मी तिला हाकलणार होतो.
आबांनी मला हातानं थांबवलं,
ताठ उभे राहिले आणि वर कुणाला तरी कळवावं
तसं म्हणाले,
"नांगर धरला."