रांजणवाडी

दोन वर्षं तिला रांजणवाडीच म्हणत होते सगळे.
सोहार बंदरात, क्रेनच्या काचेच्या खोपटात
शरफुद्दीन मुकादम, गाव हर्णै,
एका हाताने कंटेनर उतरवायचा,
दुसऱ्याने उजवा डोळा चोळायचा.
लवंग उगाळून झाली. कॅम्पातल्या दवाखान्याचं मलम झालं.
दोनदा चिरली, दोनदा पुन्हा भरली.
वाळू गेली असेल, फोरमन म्हणाला.
इथे सगळ्याचा आळ वाळूवरच येतो.

मस्कतला डॉक्टर बुशरा अल-मामरींनी
आधी गाठ पाहिलीच नाही.
खालच्या पापणीचे केस पाहिले,
मध्येच बोडका झालेला काठ.
“हे केव्हा गळले?”
असं कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

मी तळमजल्यावर असते.
माझ्याकडे माणसं येत नाहीत, तुकडे येतात.
त्या दिवशी चिठ्ठी होती : फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, ताजंच गोठवा.
गोठवलं, उणे वीसवर.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलं,
फक्त चरबीलाच चढतो तो तांबडा रंग चढवला
आणि थेंब थेंब उमटत गेला,
उमटायला नको होता तिथे.

पापणीच्या काठाला तेलाच्या बारीक विहिरी असतात,
अश्रू सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर साय धरणाऱ्या.
त्यातली एक बिथरली होती.
तेलाच्या देशात, असं काहीतरी कुणी बोललं लॅबमध्ये.
कुणी हसलं नाही.

मग नकाशा. नाकाकडचा कण, कानाकडचा, वरचा, आतल्या पडद्याचा.
इथे स्वच्छ. इथे स्वच्छ. इथे नाही.
अजून थोडं घ्या, मी वर फोन केला.
माझ्या एका वाक्याने
माणसाचा दोन मिलिमीटर चेहरा गेला.

खालची पापणी गेली तेव्हा
वरचीने पदरमोड केली :
आपल्या आतली पट्टी खाली सोडून दिली,
आणि पट्टी रुजेपर्यंत सहा आठवडे डोळा शिवलेला.

औषधांच्या रांगेत तो माझ्यापुढे होता.
मराठी ऐकून वळला, अख्खा वळला,
एका डोळ्याची माणसं वळतात तसा.
“सध्या गोदामात बसवलंय. क्रेनला दोन्ही डोळे लागतात.”
आत काय दिसतं, मी विचारलं.
“तांबूस. खाडीत बुडी मारून
पाण्याखालून सूर्य बघावा ना, तसं.”

माझी नजर त्याच्या कानापुढे गेली,
जिथे दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची बोटं
एखादी गाठ चाचपतील, पुढची कित्येक वर्षं.
मी कोण, ते सांगितलं नाही.

“घरी आईला सांगितलंय,” तो म्हणाला,
“रांजणवाडी होती, काढली.”

मी म्हटलं, हो. जरा मोठी होती.