काल चालत होतं

काल चालत होतं.
हे वाक्य मी आज चौथ्यांदा म्हणतेय,
कुणाला नाही, कूलरला.
पाचपावलीत दुपारचे सव्वातीन, बाहेर सेहेचाळीस,
आणि पडद्यावर मामांच्या स्लॅबचं तापमान
उणे अकरा लाख.

खालच्या ओळीत अधिक सत्तावन्न लाख.
मग उणे, मग अधिक, दर ओळीला पाचपट,
मग आकडेच संपतात
आणि रकानेच्या रकाने एकच शब्द: नॅन.
हा आकडा नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं.
का नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

बघितलं.
सेल्सियसमध्ये केल्विन मिसळलेलं नाही.
कंस मोजले, जेवढे उघडले तेवढे मिटले.
गुणिलेच्या आधीचं टिंब,
ज्याच्यापायी एम.टेक.ची अख्खी दिवाळी गेली होती,
ते टिंब जागेवर आहे.
मोजणी एकपासूनच सुरू आहे, शून्यापासून नाही,
जरी रोज झीरो माइलच्या खांबावरून जाणाऱ्या बाईचा
हात शून्याकडे वळतो.
सगळं पुसून पुन्हा चालवलं.
मशीन जुनी झाली म्हणाले.
मशीन म्हणाली, नॅन.

"काहून वं, त्याले बी ऊन लागलं काय?"
खाटेवरून देवाजीमामा. चाळीस वर्षं मागावर बसलेले,
आता नुसते बसलेले.
म्हटलं, कुठे चुकतंय तेच दिसत नाहीये.
"मंग कापड नको पाहू सारं.
काल न् आज मधी काय बदललं, ते पाय."

काल रात्री.
स्लॅबचे वीस थर होते, मी चाळीस केले.
गरज नव्हती. निबंधातली रेघ
जरा गुळगुळीत दिसावी, एवढंच.
आणि काळाचं पाऊल ठेवलं तेवढंच, वीस सेकंदांचं.

जाळी निम्मी केली की पाऊल पाव करायचं.
दरवर्षी फळ्यावर लिहिते, भोवती चौकट आखते,
मागच्या बाकावरच्यांना दोनदा म्हणायला लावते.
एवढ्या लांब ढांगेत उष्णता
शेजारचा थर ओलांडून पडते, दचकून मागे उडी मारते,
पाचपट जोरात.
मे महिन्यात गोळीबार चौकातून घरी येताना
असं कोण चालतं?
कडुनिंब, मग पानठेल्याचं छप्पर,
मग उभ्या ट्रकची सावली.

वीसचे पाच केले.
नॅन गेलं.
पण एका मे महिन्याला आता पन्नास मिनिटं.
कारण तक्ता मी दर फेरीला एका ओळीने वाढवत होते,
म्हणजे पाहुणा आला की जुना मांडव मोडा,
एका पाटाने मोठा नवा घाला.
आधीच शून्यांचा पूर्ण तक्ता आखून ठेवला.
आतली फेरी काढली,
चाळीसही थर एकाच ओळीत, एकदम.
अकरा सेकंद.

संध्याकाळी सहा, स्लॅबची खालची बाजू सत्तेचाळीस.
"हे मले विचारलं असतं त सांगतलं असतं," मामा म्हणाले,
"हात लावून."
खरं होतं. मी काही बोलले नाही.
फक्त वरच्या एका ओळीत शून्य दशांश सातचं तीन केलं,
म्हणजे गच्चीवर चुना मारला,
न शिडी, न बादली.
अकरा सेकंद.
एकोणचाळीस.

मामा उठून खुर्चीमागे आले.
हे हाताला कसं कळणार होतं, असं त्यांनी विचारलं नाही,
चुना काय भाव आहे ते विचारलं.
ते माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं.

मग त्यांना दिसावं म्हणून
ओळीच्या शेवटचा अर्धविराम काढला.
एरवी तो आकड्यांचं तोंड बंद ठेवतो.
आकडे धो धो खाली पडू लागले, तास, थर, तास, थर,
मामा चष्मा वर-खाली करत बघत राहिले,
आणि मधेच माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले,
"थांब. रात्री दोनचा परत दाखव."