घासाघीस

शिंग कापताना जळक्या केसांचा वास सुटतो.
तो मी भावात धरलेला नाही.
दुकानाच्या मागेच घर,
त्यामुळे पावालाही तो वास, नुरानच्या वह्यांनाही.
तोही धरलेला नाही.

म्हशीच्या शिंगाचं टोक लागतं, फक्त टोक,
वरचं बोटभर, भरीव.
बाकीचं पोकळ, ते कंगवेवाला हालुक नेतो
दोन पेले चहाच्या बदल्यात.
एका टोकातून एक झिहगीर निघते,
धनुष्याची दोरी ओढायला अंगठ्यात घालायची कडी.
आत चीर निघाली तर तीही नाही.
आणि चीर दिसते तिसऱ्या दिवशी,
भोक पाडून झाल्यावर.

म्हणून पाण्यातल्या म्हशीचं मोल
मी काठावरून सांगत नाही.

बाबा सांगत.
गिऱ्हाइकाचे बूट बघून भाव ठरवायचे शहाप उस्ता,
चकचकीत बुटांना दुप्पट, फाटक्यांना चहासकट फुकट.
मला वाटायचं, हाच न्याय.
ते गेल्यावर वही उघडली.
उधारी सतरा जणांची,
त्यातले तेरा मोटारीतून येणारे.

तेव्हापासून मी तास लिहिते.
शिंग, चामडं, वाया गेलेलं टोक, अकरा तास.
बेरीज तीन हजार लिरा.
बूट कोणतेही असोत.

बुर्साचे वकील तेव्फिक बे म्हणाले, "एवढीशी तर आहे!
साच्यातली राळेची हिच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते."
मिळते. आणि बरी असते, खोटं कशाला बोलू?
नवशिक्यांना मी तीच घ्या म्हणते.
ते हसले, पण हटले नाहीत.
फेब्रुवारी होता. कोळसा संपत आलेला.
बावीसशेवर मी मान हलवली.

ठरवलं, बावीसशेचंच काम करायचं.
आतली बाजू खरखरीत राहू दे,
ओठाची कड ठोकळच असू दे,
राख-तेलाचा शेवटचा हात नकोच.
आठ तासांवर कानस खाली ठेवली.
रात्री दीडला उठले.
दोरी सुटताना जिथून घसरते,
तिथे केसभर उंचवटा होता.
माझ्या झोपेत तो टोचत होता.
कानशीला सवलत कळत नाही.
हात स्वस्त करता येत नाही,
करायला गेले, तर नुसता थरथरला.

भावात त्यांनी घासलं,
शिंगात मी घासलं.
अकरा तास झाले. साडेअकराच, खरं तर.

एप्रिलमध्ये ते परत आले.
तीनशे बाण सोडले म्हणे, अंगठ्याला साधा फोड नाही.
आडवी घालायची, पाव वळण द्यायचं, की बसलीच.
मी विचारलं नव्हतं, तरी दोनदा सांगितलं.
मग म्हणाले, "भावासाठी एक हवी.
मागच्याच भावात?"

मी त्यांना अंगठा दाखवला.
रागाने नाही, नुसता पुढे धरला.
नख मधोमध दुभंगलेलं,
पेराच्या रेषा कानशीने पुसलेल्या.
मागे पासपोर्टच्या कचेरीत
यंत्राने हा अंगठा चारदा नाकारला होता.

ते थोडा वेळ बघत राहिले.
बुटांकडे माझंही लक्ष गेलं, काय करणार, बापाची सवय.
मग त्यांनी खिशातून दोऱ्याचा वेढा काढला,
भावाच्या अंगठ्याचं माप.
"कधी घेतलंत?"
"सकाळी."
सकाळी अंगठा बारीक असतो.
"संध्याकाळचं आणा," मी म्हटलं,
"शिंग उघडू दे.
भाव तेव्हा सांगेन."